सही कोणाची?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रो विरुद्ध वेड हा निकाल रद्द केला तो दिवस २४ जून २०२२. त्यानंतरच्या शनिवारी उत्तर इंग्लंडमधल्या आमच्या शहरातली आठ-दहा मराठी कुटुंबं एका घरी जेवायला जमली होती. पावभाजी संपत आली तेव्हा विषय तिथे पोचलाच. "काहीही म्हणा, या बाबतीत आपण यांच्या पुढे. आपल्याकडे एकाहत्तरपासून कायदा आहे, रोच्याही दोन वर्षं आधी," एक गृहस्थ म्हणाले. लगेच कोणालातरी सविता हलप्पनवार आठवली. बेळगावची दंतवैद्य, आयर्लंडमध्ये गॉलवेला स्थायिक झालेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात, गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाल्यावर तिने गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून तो नाकारला गेला आणि २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने ती गेली. "आपल्याकडे असती तर वाचली असती," कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

तुम्हीही असं काही ऐकलं असेल, म्हटलंही असेल. ते खोटं नाही. सविताच्या बाबतीत तर अगदी खरं आहे, कारण बाईच्या जिवाला धोका असताना भारतातल्या डॉक्टरचे हात कायद्याने बांधलेले नसतात. पण त्या रात्री घरी परतताना मला आमच्या काकीची गोष्ट आठवली आणि डोलावलेल्या मानेची थोडी लाज वाटली. काकीची गोष्ट पुढे सांगते. आधी थोडे कागद बघू.

माझं काम जुन्या रुग्णालयांच्या दप्तरांवर आहे. या कामात अशी सवय लागते की माणूस आधी मजकूर वाचत नाही, खाली सही कोणाची आहे ते बघतो. आपल्याकडच्या कायदेशीर गर्भपाताचा इतिहास मला त्यामुळे एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: दवाखान्याने हात लावण्याआधी सही कोणाची लागते?

गर्भपात हा गुन्हा आपल्याला इंग्रजांनी लिहून दिला. १८६०च्या भारतीय दंड संहितेचं कलम ३१२ सांगत होतं की बाईचा जीव वाचवण्याखेरीज इतर कारणाने गर्भपात करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर असेल तर सात वर्षांपर्यंत कैद. स्वतःच स्वतःचा गर्भपात करणारी बाईही त्यात आली. वर्षभराने, १८६१ मध्ये, ब्रिटनने स्वतःच्या घरासाठी तसाच कायदा केला, तोही जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचा. शंभरेक वर्षांनी दोन्हीकडे सुटकेची वाट काढली गेली. ब्रिटनने १९६७ मध्ये, भारताने १९७१ मध्ये. आपला कायदा ब्रिटनचा शेजारी ठेवून वाचला तर मूळ वाक्याची घडण सारखीच दिसते: अमुक अटी पाळून नोंदणीकृत डॉक्टरने गर्भपात केला तर तो गुन्हा ठरणार नाही. वाक्याचा कर्ता डॉक्टर आहे. गुन्हा पुसलेला नाही, डॉक्टरला त्यातून बाहेर काढलं आहे. दंड संहिता जाऊन २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही हे कलम ८८ व्या क्रमांकावर मुक्कामाला आहेच.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांनी आपल्या अंगणातही डोकवावं. इंग्लंडमध्ये आजही, अगदी सातव्या आठवड्यातही, कायद्याच्या नजरेत दोन डॉक्टरांच्या सह्या लागतात. पुष्कळ बायकांची त्या दुसऱ्या डॉक्टरशी भेटसुद्धा होत नाही. पण फॉर्मवर दोन सह्या असतात.

आता मागे जाऊ. महाराष्ट्रात ही गोष्ट सुरू होते ती दवाखान्याबाहेर. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पुनर्विवाह बंद, केशवपन झालेलं, घरातल्याच कोणीतरी फसवलेलं, अशा ब्राह्मण विधवांनी तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला, तो यशवंत. मोठा होऊन तो डॉक्टर झाला. इथे कोणाची सही लागत नव्हती, नावही कोणी विचारत नव्हतं. या घराचं खरं वैशिष्ट्य मला ती गुप्तताच वाटते आणि शेवटाकडे मी तिच्याकडे परत येणार आहे. गुप्तता न मिळालेल्या बाईचं काय होई तेही नोंदलेलं आहे: १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली, मग ती काळ्या पाण्यावर आली. त्यावर वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्याची जी धुणी धुतली गेली ती वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे भडकल्या आणि १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' छापून आलं.

गर्भधारणाच टाळण्याचा विचार मराठीत आणला तो रघुनाथ धोंडो कर्व्यांनी. महर्षी कर्व्यांचा थोरला मुलगा, गणिताचा प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी उत्तर लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला होता. आपण मुंबईला नेहमी लंडनच्या चाळीस वर्षं मागे समजतो, म्हणून ही तारीख मुद्दाम सांगितली. कर्व्यांची नोकरी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ते 'समाजस्वास्थ्य' मासिक पदरमोड करून चालवत राहिले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेत राहिले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. खटला हरले. पण १९३८च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने उपलब्ध करून द्याव्यात असा ठराव आला, त्यामागचं भाषण आंबेडकरांचं होतं. ते स्वतः हजर नसल्याने त्यांचे सहकारी पी. जे. रोहम यांनी ते मांडलं. ठराव फेटाळला गेला. सरकारी दवाखान्यात बाईला गर्भनिरोधक मिळावं ही मागणी आपल्या विधिमंडळात पंच्याऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी झाली होती हे आपल्यापैकी किती जणांना शाळेत सांगितलं गेलं?

स्वातंत्र्यानंतर मात्र चित्र फिरलं, आणि फिरण्याचं कारण बाई नव्हती, लोकसंख्या होती. १९५२ पासून कुटुंबनियोजन हे सरकारचंच काम झालं. १९६५ च्या सुमारास लूप आला, पुढे तांबी आली, लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर आला. १९६९ पासून मोठ्या रुग्णालयांत बाळंतिणीला घरी सोडण्याआधीच गाठून गर्भनिरोधनाचं समजवायचा कार्यक्रम सुरू झाला. आणि १९६४ मध्ये केंद्र सरकारने गर्भपाताच्या कायद्याचा विचार करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा.

शहा समितीचा अहवाल १९६६च्या डिसेंबरअखेर आला. त्यातला अंदाज असा: पन्नास कोटींच्या देशात वर्षाला ६५ लाख गर्भ पडतात, त्यातले २६ लाख आपोआप आणि ३९ लाख मुद्दाम पाडलेले. म्हणजे कलम ३१२ पुस्तकात होतं आणि दर वर्षी ३९ लाख वेळा कोणीतरी ते मोडत होतं. दाई, काडी, कसलीतरी मुळी, कधी लपूनछपून डॉक्टर. समितीने सांगितलं की हे थांबवायचं असेल तर ते दवाखान्यात आणा. १० ऑगस्ट १९७१ ला राष्ट्रपतींची सही झाली आणि १ एप्रिल १९७२ पासून वैद्यकीय गर्भपात कायदा लागू झाला. विधेयकाने तीन हेतू दिले होते: आरोग्य, बलात्कारासारख्या प्रसंगी माणुसकी, आणि व्यंग असलेलं मूल जन्मण्याची शक्यता. बाईला नको आहे, हा हेतू त्या तिघांत नव्हता.

पण या कायद्यात एक मोठी उदार फट होती. गर्भनिरोधक फसल्यामुळे दिवस गेले, तर त्याने होणारा मनस्ताप हाच बाईच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा धरता येईल, असं त्यात लिहिलं होतं. ब्रिटिश कायद्यात असं काही नव्हतं. अर्थात हे फक्त 'विवाहित बाई किंवा तिचा नवरा' यांच्यापुरतं, आणि मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी वापरलेल्या साधनापुरतं. तरी त्या एका स्पष्टीकरणाने शहरी मध्यमवर्गाला दार सताड उघडलं. माझ्या लहानपणी मुंबईच्या लोकलच्या डब्यात गर्भपाताच्या केंद्रांच्या छोट्या जाहिराती चिकटवलेल्या असत, मूळव्याधीच्या आणि नोकरीच्या जाहिरातींच्या शेजारी. 'साधन फसलं' एवढं म्हटलं की झालं. डॉक्टरही जास्त खोदत नसत.

आणि दुसरी गोष्ट, जी मला या कायद्यातली सगळ्यात पुरोगामी वाटते आणि जी सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. कलम ३, पोटकलम ४. सज्ञान बाईच्या बाबतीत संमती फक्त तिची. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. अठराच्या आतली मुलगी असेल तर पालकाची. यासाठी जो छापील नमुना आहे, फॉर्म सी, त्यावर बाईच्या सहीचीच जागा आहे. इंग्लंडमध्ये एका नवऱ्याने बायकोचा गर्भपात थांबवण्यासाठी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने त्याला यात काही म्हणायचा हक्क नाही असं सांगितलं, ते १९७८ मध्ये. आपण ते १९७१ मध्ये लिहून ठेवलं होतं. त्या रात्रीच्या जेवणातल्या गृहस्थांना अभिमानच वाटायचा होता, तर तो इथे वाटायला हवा होता.

आता काकी. आमची ही काकी रत्नागिरी जिल्ह्यातली. "नाव नको घालूस, वाडीचंही नको" या अटीवर तिने मला हे लिहायला परवानगी दिली. १९८६ सालची गोष्ट. काका दुबईला, एका बांधकाम कंपनीत. गणपतीला दीड महिन्याच्या रजेवर आले आणि परत गेले. नोव्हेंबरात काकीच्या लक्षात आलं की दिवस गेलेत. दोन मुलं पदरात, धाकटं अजून अंगावर पिणारं. सासूला सांगितलं असतं तर 'राहू दे' हेच उत्तर होतं. काकी माहेरी जाते म्हणून निघाली आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेली.

तिथे दोन अटी घातल्या गेल्या. एक, नवऱ्याची सही आण. दोन, नंतर तांबी बसवून घे.

ती म्हणाली, नवरा दुबईला आहे. नर्सबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की, काकीच्या शब्दांत, "मला माझ्या लग्नाचीच शंका आली, बाय." नवरा दुबईला आणि पोटात बाळ? काकीने त्यांना गणपतीची तारीख सांगितली, बोटांवर आठवडे मोजून दाखवले. मग त्या म्हणाल्या, पत्र पाठव, सही मागव. पत्र जायला दहा-बारा दिवस, यायला तेवढेच, त्यात काका साइटवर असले तर आणखी. काकीचा नववा आठवडा चालू होता. बाराव्या आठवड्यापर्यंत एक डॉक्टर पुरतो, त्यापुढे विसाव्यापर्यंत दोघांचं मत लागतं, असा तेव्हाचा नियम. त्या दवाखान्यात डॉक्टर एकच, तोही आठवड्यातून ठरावीक दिवशी. म्हणजे काकांच्या सहीची वाट बघायची तर गाडी सुटणार होती.

तांबीचं आणखी वेगळंच. काकीला तांबी हवी होती! पण काका आता दोन वर्षांनी येणार. नवरा परदेशात असलेल्या बाईने तांबी बसवली हे घरात कळलं तर पहिला प्रश्न काय येईल, हे तुम्हाला सांगायला नको. आखातात माणूस असलेल्या घरांतल्या वाचकांना तर मुळीच नको. त्याआधी, काका घरी असताना बसवायची तर रजेच्या दीड महिन्यात सासूचा डोळा चुकवून दवाखाना गाठायचा कधी? गोळ्यांचं नाव तिने रेडिओवर ऐकलं होतं, हातात कधी पडल्या नव्हत्या.

मग तिचा भाऊ तिला चार तासांवरच्या शहरात एका खासगी डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथे तांबीचा आग्रह नव्हता. सही मात्र तिथेही हवी होती. भावाने मेहुण्याच्या नावाने केली. काका पगाराच्या कागदांवर इंग्रजीत सही करायचे, भावाने मराठीत केली. कोणी तपासली नाही. तीनशे रुपये झाले, ते भावाने आंब्याच्या पैशांतून दिले. दहावा आठवडा. संध्याकाळच्या एसटीने दोघं माहेरी परतली आणि दोन दिवसांनी काकी सासरी येऊन भात झोडायला उभी राहिली.

आता फॉर्म सी पुन्हा आठवा. काकी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. दोन्ही ठिकाणी मागितलेली नवऱ्याची सही कायद्याने कोणीच मागितली नव्हती. एका ठिकाणी ती नव्हती म्हणून बाई परत गेली, दुसऱ्या ठिकाणी खोटी चालली.

मग दवाखाने ती का मागत होते, आणि आजही का मागतात? मी याला डॉक्टरांची दुष्टाई म्हणणार नाही. एक तर आपल्या प्रत्येक दवाखान्यात ऑपरेशनच्या कागदावर 'नातेवाइकाची सही' अशी ओळ असते, अपेंडिक्सपासून मोतीबिंदूपर्यंत. बाईचं शरीर हे तिच्या घरच्यांकडून काही वेळासाठी उसनं घेतलेलं आहे, अशा रीतीने तो कागद बनलेला असतो. दुसरं, डॉक्टरला भीती असते. उद्या नवरा दंगा करत आला तर? ही भीती निराधारही नाही. २००७ मध्ये समर घोष विरुद्ध जया घोष या घटस्फोटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रौर्याची उदाहरणं दिली, त्यांत वैद्यकीय कारण नसताना नवऱ्याच्या संमतीवाचून किंवा त्याच्या नकळत बायकोने केलेला गर्भपातही घातला. एका कायद्याने तिची एकटीची सही पुरेशी मानली आणि दुसऱ्या दालनात तीच सही घटस्फोटाचं कारण ठरू शकते असं सांगितलं गेलं.

तिसरं कारण कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांत आहे. १९९६ च्या एप्रिलमध्ये उद्दिष्टं काढून टाकेपर्यंत सरकारी दवाखान्यातल्या प्रत्येकाला वर्षाला इतक्या केसेस पुऱ्या करायच्या होत्या. गर्भपाताला आलेली बाई म्हणजे आयती केस. नसबंदी नाही तर निदान तांबी. आणीबाणीत याचं टोक दिसलं: १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, आणि सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं पहिलं राज्य कोणतं? आपलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. आम्हा पुरोगामी महाराष्ट्रवाल्यांच्या भाषणांत कर्वे येतात, फुले येतात, हे विधेयक कधी येत नाही. पण ज्या दवाखान्याने माणसांना ओढून नेलं, त्याच दवाखान्यात दहा वर्षांनी बाईने विश्वासाने स्वतःहून जावं, ही अपेक्षा जरा जास्तच होती.

१९९०च्या दशकात मनीषा गुप्ते, सुनीता बांडेवार आणि हेमलता पिसाळ यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत बायकांशी गर्भपाताबद्दल सविस्तर बोलून अभ्यास केला. तो वाचताना मला जागोजागी काकी भेटली. सरकारी दवाखाना फुकट असूनही पैसे मोजून खासगीकडे जाण्यामागचं त्या बायकांचं गणित सरळ होतं: तिथे गुप्तता मिळते, चौकशा कमी होतात. जी सह्या मागणार नाही, ती जागा चांगली.

पुढची हकिगत भरभर सांगते. २००२ मध्ये दोन गोष्टी झाल्या. खासगी केंद्राला मान्यता देण्याचं काम राज्याच्या राजधानीतून जिल्हा समितीकडे आलं, आणि गर्भपाताच्या गोळ्यांना भारतात परवानगी मिळाली. गोळ्यांनी सगळं उलटंपालटं केलं. २०१५ सालासाठी एका मोठ्या अभ्यासाने अंदाज काढला: देशात वर्षाला १ कोटी ५६ लाख गर्भपात, त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर गोळ्यांनी, दवाखान्यात फक्त २२ टक्के. चव्वेचाळीस वर्षं दवाखान्यात आणण्याचा कायदा राबवून झाल्यावर बायका दवाखान्याला वळसा घालून औषधाच्या दुकानात पोचल्या. दुकानदार सही मागत नाही.

महाराष्ट्रात मात्र तो रस्ताही अरुंद झाला, आणि त्याचं कारण खरोखर गंभीर होतं. गर्भलिंग तपासून मुली पाडण्याचा धंदा. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला. तरीही सहा वर्षांखालच्या मुलांत हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ असलेल्या मुली २०११ मध्ये ८९४ वर आल्या. परळीतलं प्रकरण उघड झालं, मग २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये पुरलेले गर्भ सापडले. प्रशासन जागं झालं आणि हाती लागलेल्या सगळ्यांवर तुटून पडलं, त्यात औषधाची दुकानंही आली. कटकट नको म्हणून दुकानदारांनी गोळ्या ठेवणंच बंद केलं. आता पाहा, गोळ्या साधारण नवव्या आठवड्यापर्यंतच्या. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी कळायला त्यानंतरही काही आठवडे जातात. गोळीने मुलगी निवडून पाडता येत नाही. पण भीतीला आठवडे मोजता येत नाहीत, आणि तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी अनेकांना गर्भपात आणि गर्भलिंगनिदान हे दोन वेगळे कायदे आहेत हेच धड ठाऊक नसतं. इथे इंग्लंडमध्ये कोविडपासून पहिल्या दहा आठवड्यांत त्याच गोळ्या फोनवर बोलून टपालाने घरी येतात.

सह्यांची रांग वरच्या बाजूलाही वाढत गेली. २००८ मध्ये मुंबईतल्या एका जोडप्याला चोविसाव्या आठवड्यात कळलं की गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आहे. विसाव्याची मर्यादा उलटून गेलेली. त्यांच्यासह डॉ. निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ४ ऑगस्टला याचिका फेटाळली गेली. थोड्याच दिवसांत तो गर्भ आपोआप पडला. त्यानंतरच्या दशकात किती बायका पोट घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढल्या! तिथे वैद्यकीय मंडळ नेमायचं, मंडळाने अहवाल द्यायचा, न्यायमूर्तींनी तारीख द्यायची, आणि गर्भ तारखा पाळत नाही. अखेर २०२१ मध्ये कायदा बदलला. विसाव्या आठवड्यापर्यंत एक डॉक्टर, ठरावीक गटांतल्या बायकांना चोविसाव्यापर्यंत दोन, गंभीर व्यंग असेल तर मंडळाच्या परवानगीने मर्यादाच नाही. 'विवाहित बाई किंवा तिचा नवरा' जाऊन 'कोणतीही बाई किंवा तिचा जोडीदार' आलं. पन्नास वर्षं लागली त्या एका शब्दाला. आणि २९ सप्टेंबर २०२२ ला, आमच्या त्या जेवणानंतर तीन महिन्यांनी, न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अविवाहित बाईलाही चोविसाव्या आठवड्यापर्यंतचा हक्क मान्य केला. त्या निकालातला एक भाग बातम्यांत फारसा आला नाही. डॉक्टरांनी कायद्याबाहेरच्या अटी, म्हणजे घरच्यांची संमती, जादा कागदपत्रं, कोर्टाची परवानगी, बाईवर लादू नयेत, असं न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तुमची भाची किंवा बहीण उद्या पुण्याला किंवा नाशिकला अशा दारात उभी असेल तर तिला फोनवर हे वाक्य सांगता येईल.

हा निकाल आला त्या आठवड्यात मी काकीला व्हिडिओ कॉल केला. कारण थोडं स्वार्थी होतं. मला त्या सरकारी दवाखान्याचं १९८६ सालचं दप्तर मिळतं का ते बघायचं होतं.

ते मिळणार नाही हे खरं तर मला माहीत असायला हवं होतं. कायद्यासोबतचे नियम सांगतात की गर्भपाताला आलेल्या बाईचं नाव फक्त एका प्रवेश नोंदवहीत लिहायचं. ती वही गुप्त, दवाखान्याच्या प्रमुखाच्या ताब्यात. बाकी कुठल्याही कागदावर, ऑपरेशनच्या रजिस्टरमध्ये, केसपेपरवर, नाव येता कामा नये, फक्त अनुक्रमांक आणि साल. आणि शेवटच्या नोंदीनंतर पाच वर्षांनी ती वही नष्ट करायची. इतिहासाच्या माणसाला यापेक्षा वाईट नियम सुचणार नाही. जोतीरावांच्या घरातली गुप्तता शंभर वर्षांनी सरकारी नियमात उतरली आणि माझं साधन जाळून मोकळी झाली. परत पाठवलेल्या बायकांची तर नोंदच नसते, कारण वहीत नाव चढायला आधी आत यावं लागतं.

काकीला मी आधी कायद्याचं सांगितलं. ती बराच वेळ पडद्यावर नुसती बघत राहिली.

"म्हणजे माझी एकटीची सही पुरली असती?"

"हो."

"मग भावाला उगाच खोटं करायला लावलं गो मी." भाऊ आता हयात नाही. काकाही नाहीत, आणि काकांना हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मग तिने विचारलं, त्या शहरातल्या डॉक्टरकडे माझं नाव कुठे लिहिलेलं असेल का अजून? मी नियम सांगितला. असलं तर एका वहीत होतं, तेव्हाच. आता नसणार.

"बरं झालं," काकी म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून गेली. मी माझ्या वहीत लिहून घेतलं: १९८६, दहावा आठवडा, तीनशे रुपये, सही भावाची.